डाव्या भिवईची खूण

बद्रीनाथ सोळुंकेला चित्र काढता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा म्हणायचा, आली आणखी एका दडून राहिलेल्या कलावंताची गोष्ट. तसलं काही नाही हो. माणूस जन्मभर खिळे जुळवत आला. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात शिशाचं एकेक अक्षर चिमटीत उचलायचं, हातातल्या लोखंडी खाचेत, म्हणजे स्टिकमध्ये लावायचं, ओळ भरली की दुसरी धरायची. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा. जिंतूरहून पुण्याला आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं, आणि छापखाना बंद झाला तेव्हा मिशा पिकायला लागल्या होत्या. मधली एकोणतीस वर्षं खिळ्यांत गेली.

छापखाना बंद झाला सत्त्याण्णव साली. गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली होती, आणि लोकांना पत्रिका सकाळी सांगून संध्याकाळी हातात हवी होती. मालक श्रीनिवासराव माणूस वाईट नव्हता, पण बोलणं पेठेतलं. तिघाही जुळाऱ्यांना समोर उभं करून म्हणाला, कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी तुमचं आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकते, आणि ती तंबाखू खात नाही. झालं. खिळे शिशाच्या भावानं वजनावर गेले. बद्रीनाथ दत्तवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत आला आणि भिंतीला टेकून बसला. राग नाही, रडू नाही. हातांना काय काम द्यावं तेच त्याला कळेना.

तीन वर्षं इथंतिथं पडेल ते केल्यावर कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका खाजगी चित्रकला महाविद्यालयात त्याला मदतनीसाची जागा मिळाली. छापचित्रांचा विभाग भाग्यश्री मॅडम बघायच्या. बाई चाळिशीच्या, बोलायला कंजूष. त्यांनी त्याला एकच विचारलं, शाई कळते का. कळते म्हणाला. मग उद्यापासून या, चित्रकार माझ्याकडे पस्तीस आहेत, शाई कळणारा एकही नाही, असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

काम सोपं होतं. विद्यार्थ्यांसाठी कागद भिजवून ठेवायचे, शाई घोटायची, दाबयंत्राचं मोठं चाक फिरवायचं, आणि सगळे गेले की रॉकेलच्या बोळ्यानं प्लेटा पुसायच्या. पोरं पोरी चांगली होती, काका काका करायची. छापचित्रांतला बाकीचा प्रकार त्याला उमगत होता. लाकडात कोरायचं, जस्तावर ओरखडायचं, आणि मग प्रती काढायच्या. पण मोनोटाइप नावाचं एक होतं, ते मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. गुळगुळीत प्लेटवर शाई पसरायची, ती फडक्यानं, बोटानं, काडीनं पुसून पुसून चित्र काढायचं, वर ओला कागद घालून चाक फिरवायचं. कागदावर चित्र उतरतं आणि प्लेट रिकामी होते. म्हणजे एकच प्रत. दुसरी मागाल तर नाही. हजार-हजार प्रती काढून बसलेल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटायचं. एवढा खटाटोप करून एकच, असं तो एकदा मॅडमना म्हणाला, तर त्या म्हणाल्या, माणसंही तशीच निघतात की, सोळुंके. घरी जाताना ते वाक्य त्याला सारखं टोचत राहिलं.

का टोचलं, ते सांगायचं तर घरचं सांगायला हवं.

बायको सरुबाई. पंचवीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या बाईनं. मुलगा साईनाथ, हिंजवडीला एका कंपनीत, गळ्यात पट्टा अडकवून रोज कंपनीच्या बसनं जाणारा. घरात भिंतभर साईनाथचे फोटो. पहिल्या वाढदिवसाचा, दुसऱ्या, तिसऱ्या, एकही साल चुकवलेलं नाही. पोर तापानं फणफणलं असलं तरी सरुबाई त्याला तोंड धुऊन, पावडर लावून स्टुडिओत उभं करायची. शेजारणी हसायच्या. हसोत. त्यांना काय ठाऊक.

साईनाथच्या आधी एक मुलगी होती. गोदावरी. गोदा म्हणायचे तिला. पाच वर्षांची झाली तेव्हा तिला बालवाडीत घालायचं ठरलं, आणि सरुबाईनं उरल्यासुरल्या कापडाचा पिवळा झगा शिवला. त्या झग्यात एक फोटो काढायचा, शनिवारी, लक्ष्मी रस्त्यावरच्या स्टुडिओत. मायलेकींनी पाचला स्टुडिओच्या पायरीवर येऊन थांबायचं, बद्रीनाथनं छापखान्यातून तिथं यायचं. अठ्ठ्याहत्तर सालची लगीनसराई. साडेचारला तातडीची पत्रिका आली, श्रीनिवासराव म्हणाला जरा थांबा, आणि हा थांबला. साडेसातला मोकळा झाला तेव्हा स्टुडिओची फळी लागलेली होती. घरी येऊन म्हणाला, सोमवारी जाऊ. रविवारी पोरीला ताप भरला. सोमवारी अंगावर गोवर दिसला. शुक्रवारी ती गेली.

एकही फोटो नाही. ना तिचा, ना तिच्याबरोबर कुणाचा. सरुबाई भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, कपाळ बडवून घेतलं नाही. त्या शनिवारबद्दल तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि मुलीचं नावही काढलं नाही. त्यानंही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं बद्रीनाथला कित्येकदा वाटायचं. सव्वीस वर्षं दोघं एका छताखाली जेवली, झोपली, मुलगा वाढवला, आणि ती गोष्ट मधे तशीच पडून राहिली.

दोन हजार चार साली सरुबाईच्या पोळ्या करपायला लागल्या. आधी वाटलं वय झालं. मग एकदा ती भर रस्त्यात उभ्या सायकलवर जाऊन आदळली. दवाखान्यात नेलं तर काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही, आहे ते धरून ठेवायचा प्रयत्न करू. तिला समोरचं फक्त मधलं एवढंसं दिसायचं, नळीतून बघितल्यागत, आणि तेही नाकाशी धरलं तर. घरांची कामं सुटली. दिवसभर उंबऱ्यात बसून तांदूळ चाचपत खडे काढायची.

अशीच एक दुपार होती, रविवारची. बद्रीनाथ बाजूला पेपर वाचत होता. सरुबाईनं ताटातला हात थांबवला आणि म्हणाली, "गोदाचं तोंड आठवायला गेले तर नुसतं पिवळं दिसायलंय. झगाच दिसतो. तोंड येईना. तुमाला याद आहे का?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं. बद्रीनाथनं पेपर खाली ठेवला. आहे, म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला घाम फुटला, कारण आहे की नाही, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना विचारलं, वर्ग सुटल्यावर तासभर एक प्लेट वापरू का. मॅडमनी कारण विचारलं नाही. कागद मात्र कपाटातले घेऊ नका, कातरून उरलेल्या तुकड्यांतले घ्या, असं सांगितलं.

पहिले पंधरा दिवस नुसती नासाडी. शाई कळते म्हणणाऱ्या माणसानं शाई इतकी जाड पसरली की कागदावर काळाभोर डाग उतरला, जांभळं चिरडल्यासारखा. मग पातळ केली तर चेहरा राखेचा निघाला. एकदा कागद कोरडा राहिला आणि अर्धं कपाळ प्लेटवरच बसून राहिलं. एकदा फार भिजला, तर शाई फुटून नाकाचा पत्ता नाही. एकदा सगळं जमलं असं वाटलं आणि कागद उचलला, तर गालावर याचाच अंगठा, रेषान् रेषा दिसतील असा उमटलेला. छापखान्यात असा कागद गेला असता तर श्रीनिवासरावानं तो चौकात टांगला असता.

बद्रीनाथला चुकलेला कागद बघवत नसे. जुळाऱ्याची जातच ती. प्रुफात चूक निघाली की खिळा बदलायचा, पुन्हा प्रूफ काढायचं, शेवटची प्रत बिनचूक हवी. तो प्रत्येक बिघडलेला छाप चुरगाळून टाकायचा आणि प्लेट लख्ख पुसून पहिल्यापासून सुरू करायचा. एका संध्याकाळी मॅडम दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांनी टोपलीतला कागद काढला, सरळ केला, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सगळी प्लेट कशाला पुसता? चुकलं तेवढंच पुसा. बाकीचं राहू द्या, त्याच्यातलं काही बरोबर असेल."

त्यानं ऐकलं, पण मनावर घ्यायला चार दिवस लागले. मग तसं करू लागला. छाप निघाल्यावर प्लेटवर पुसट शाई राहते, जवळजवळ नसल्यासारखी. ती तशीच ठेवायची आणि तिच्यावर पुन्हा काम करायचं. गाल फुगला असेल तर तेवढाच कमी करायचा. डोळा खाली गेला असेल तर तेवढाच रॉकेलच्या बोळ्यानं काढून वर घ्यायचा. अंगठा उमटला तिथं शाई पुन्हा थोपटायची. कानाच्या भोकात घालायच्या काडीला कापूस गुंडाळून तो इतकं बारीक पुसायचा की मागं रेंगाळलेल्या पोरी थांबून बघायच्या.

आणि एक गोष्ट त्याला कळली. डोळे मिटून चेहरा आठवायला गेलं की काही येत नसे. पण फडकं हातात घेऊन काळ्या शाईतून कपाळ पुसायला लागलं की हात आपोआप थांबायचा. कपाळ कुठं संपतं ते हाताला माहीत होतं. गोवराच्या त्या आठवड्यात रात्रंदिवस त्यानं ताप बघायला तिथं हात ठेवला होता ना. हनुवटी माहीत होती, कारण औषध पाजताना ती दोन बोटांत धरावी लागायची. केस कुठून सुरू होतात ते माहीत होतं. आपण चित्र काढत नसून लेकराचं तोंड पुसतोय असं त्याला वाटायचं, आणि मग मधेच फडकं ठेवून तो बाहेर जाऊन नळाखाली आपलंच तोंड धुऊन यायचा. रडायचा म्हणा सरळ. त्यात लपवायचं काय आहे.

श्रावण लागला. हवा दमट, कागद वाळता वाळत नव्हते. एका शनिवारी प्लेटवर चेहरा उभा राहिला. बद्रीनाथनं शेवटची एक गोष्ट केली. गोदा तीन वर्षांची असताना पाट्याच्या कोपऱ्यावर पडली होती आणि डाव्या भिवईत खोक पडली होती. तिथं पुढं केस आलेच नाहीत, एक पांढरी रेघ राहिली. त्यानं खिळे उचलायच्या जुन्या चिमट्याचं टोक टेकवलं आणि डाव्या भिवईतून ती रेघ ओढली. मग प्लेट फिरवून तिचं डोकं आपल्याकडे घेतलं, आणि खाली नाव घातलं. अक्षरं उलटी. विचारसुद्धा करावा लागला नाही. स्टिकमध्ये खिळे असेच दिसतात, वरची बाजू खाली, आरशातल्यासारखी. एकोणतीस वर्षं त्यानं मराठी तसंच वाचलं होतं.

चाक फिरलं. कागद उचलला. नाव सरळ, स्वच्छ: गोदा. वर मुलगी. डोळे बघणारे, ओठ जरासे उघडे. मॅडम जवळ येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, झालं तुमचं. बद्रीनाथनं मान हलवली. त्याला आत कुठंतरी वाटत होतं की ही मुलगी ओळखीची आहे पण आपली नाही. पण मग वाटलं, सव्वीस वर्षं झाली, आपल्यालाच परकी झाली असेल. ओल्या शाईला काही लागू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत काड्यांची चौकट करून त्यानं तो कागद घरी नेला.

सरुबाई उंबऱ्यात होती. त्यानं कागद तिच्या हातात दिला, कडेनं धर म्हणाला. ती नाकाशी नेऊन बघू लागली. आधी केस, मग कपाळ. मग ती थांबली. कागद मागं घेतला, पुन्हा जवळ आणला.

"ही आपली नाही," ती म्हणाली. "खोक डाव्या भिवईला होती, हिच्या उजवीला आहे. मी हळद दाबली होती, मला कळत नाही का? तुमाला तिचं तोंड याद नाही. नव्हतं तर नाही म्हणायचं होतं."

तिनं कागद खाली ठेवला, आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

बद्रीनाथ तिथंच बसला. बायको म्हणाली ते खरं असेल तर गोदा आता कुठंच नव्हती. तिच्या आईला दिसत नाही, बापाला आठवत नाही, भावानं तिला बघितलेलंच नाही. मग उरली कुठं? एक माणूस पाच वर्षं घरात नांदतं आणि कुणाच्याही डोळ्यांत राहत नाही, असं होतं का? त्याला वाटलं, आपण एकदा तिला त्या पायरीवर सोडलं, आणि आज पुन्हा सोडलं.

साईनाथ बाहेरून आला, बापाचं तोंड बघितलं आणि विचारलं काय झालं. बद्रीनाथनं सांगितलं. पायरी, झगा, पत्रिका, सगळं. पोराला बहीण होती आणि ती वारली एवढंच माहीत होतं. ऐकून तो खाली बसला. मग कागद उचलून म्हणाला, "आबा, छापलं की उलटं येतं ना? मग नाव सरळ कसं आलं?"

उलटं लिहिलं म्हणून, बद्रीनाथ म्हणाला.

"आणि चेहरा?"

साईनाथ उठला आणि दाढीच्या आरशासमोर त्यानं कागद धरला. आरशात नाव उलटं झालं, आणि रेघ डाव्या भिवईवर गेली. जराशी मान कललेली, ओठ उघडे, आत्ता काहीतरी विचारेल अशी. ती गोदा होती. हातानं चूक केली नव्हती, डोक्यानंही नाही. अक्षराला उलटं करायचं हे त्याच्या रक्तात भिनलेलं. पण पोरीचं तोंड उलटं करावं लागतं, हे त्याच्या मनात आलंच नाही. पोरीकडं माणूस सरळच बघतो.

आईला आरशात दाखवू या का, असं साईनाथनं विचारलं, पण ते जमण्यासारखं नव्हतं. तिला वस्तू नाकाशी धरून तुकड्या-तुकड्यानं बघावी लागायची, आणि आरशात नाक घातलं की अंधारच. मग तो म्हणाला, त्यात काय, कागद द्या माझ्याकडं, सोमवारी ऑफिसात स्कॅन करतो, फ्लिप मारतो, दोन मिनिटांचं काम. पोरगं मनापासून म्हणत होतं. बद्रीनाथच्या कानात मात्र एकच शब्द शिरला.

"सोमवार नको," तो म्हणाला. "उद्या."

उद्या काय करायचं हे त्याला पडल्या पडल्या सुचलं. छापखान्यात एक अपराध ठरलेला असायचा. ताजे छापलेले कागद घाईघाईनं एकावर एक रचले की खालच्याची ओली शाई वरच्याच्या पाठीला लागायची, आणि तिथं सगळी पत्रिका उलटी उमटायची. त्यापायी त्यानं आणि मशिनवाल्यानं श्रीनिवासरावाची किती बोलणी खाल्ली होती, त्याला गणती नाही. म्हणजे ओला छाप दुसऱ्या कागदावर दाबला की तो पुन्हा उलटतो. उलट्याचा उलटा. शाई अजून ओली असेल तर.

सकाळी सातला साईनाथच्या मोटारसायकलवर बसून दोघं महाविद्यालयात गेले. किल्ली बद्रीनाथकडंच असायची. त्यानं कागदाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. चिकट लागलं, पण कालच्यासारखं नाही. डोक्याच्या एका बाजूला तर शाई वाळून धरलीच होती. त्यानं कपाटातला चांगला कागद घेतला, मॅडमना उद्या सांगू म्हणून, आणि नेहमीपेक्षा जास्त भिजवला. खरं सांगायचं तर हा सगळा अंदाज होता. दाब कमी पडला तर काही उतरणार नाही. जास्त झाला तर दोन्ही कागद फाटतील. आणि पुन्हा करायची सोय नाही, कारण ही शाई एकदा गेली की गेली.

गोदाला वर तोंड करून त्यानं यंत्राच्या पाटावर ठेवलं. वर ओला कागद, त्यावर दोन जाड लोकरी कापडं. दाबाचे स्क्रू दोन्हीकडून पिळले, पुन्हा पाव फेरा पिळले. चाकाला हात घातला आणि परत काढून घेतला. तू फिरव, असं तो साईनाथला म्हणाला. पोरानं आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या कामाला हात लावला. मधे थांबू नकोस, थांबलास तर तिथं पट्टा येईल, एवढंच बद्रीनाथनं सांगितलं, आणि पोरानं एका दमात चाक फिरवून पाट पलीकडं काढला.

कागद उचलायला बद्रीनाथनं बराच वेळ घेतला. आधी एक कोपरा, मग दुसरा. उतरलं होतं. काळं नाही, राखाडी, धुक्यातलं वाटावं इतपत. जिथं शाई वाळली होती तिथले केस आलेच नव्हते. बाकीचे तुटक तुटक, विस्कटलेले. हनुवटीखाली एक पांढरा चट्टा. पण डोळे होते, ओठ होते, आणि पांढरी रेघ डाव्या भिवईत होती. खाली नाव उलटं. कापून टाकू का, साईनाथनं विचारलं. राहू दे, बद्रीनाथ म्हणाला, तुझ्या आईला तसंही वाचता येत नाही, आणि मला येतं. कालचा छाप मात्र गेला होता. त्यावर चिकटून फाटलेले कागदाचे तंतू आणि एक डोळा राहिला होता. बद्रीनाथनं तो चुरगाळला नाही. घडवंचीवर वाळत ठेवला.

घरी आले तेव्हा नऊ वाजले होते. सरुबाई उंबऱ्यात बसली होती, ताट मांडीवर, पण हात चालत नव्हते. बद्रीनाथनं काही न बोलता ताट बाजूला केलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं घ्यायला वेळ लावला. कालचं मनात होतंच. मग नाकाशी नेला.

ती भिवईपासून सुरू झाली या वेळी. तिथं थांबली. मग अगदी सावकाश कागद सरकवत राहिली, डोळा, दुसरा डोळा, नाक, ओठ. पुन्हा भिवई. रस्त्यावरून रिक्षा गेली, कुणीतरी साईनाथला हाक मारली, तो गेला नाही. सरुबाईच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तिनं ते कागदावर पडू नये म्हणून पटकन मान फिरवून खांद्याला पुसलं.

"केस विंचरायचे राहिले हिचे," ती म्हणाली.

सव्वीस वर्षं जे वाक्य बद्रीनाथ मनात जुळवत आणि मोडत आला होता, ते त्याच्या तोंडून अगदी साधंच आलं. "त्या दिवशी मी यायला पाहिजे होतं."

"हो," सरुबाई म्हणाली. "यायला पाहिजे होतं." तिचे डोळे कागदावरच होते. "मी चार वेळा उठले. घरी जाऊ म्हणलं. ती हलंना. आबा येतील म्हणायची. फळी लावली तरी म्हणायची, येतील."

बद्रीनाथ खाली बसला. थोड्या वेळानं सरुबाई बाजूला सरकली आणि उंबऱ्यावर त्याला जागा केली. कागद नाकाशी धरून तिचे हात भरून आले होते. मग तो त्यानं धरला, ती सांगेल तसा डावीकडं, उजवीकडं, जरा वर, आणि ती बघत राहिली.